बंदुकीमागचा माणूस

१९९३ साली आलेल्या ‘डूम’ या गेममध्ये पडद्याच्या तळाशी, गोळ्या, जीव आणि चिलखत यांच्या आकड्यांच्या गर्दीत, एक छोटासा चेहरा असतो. डावीकडून मार बसला की तो डावीकडे बघतो. नवी बंदूक हाती लागली की दात विचकून हसतो. जखमा वाढत जातात तसा रक्तानं माखून ओळखू येईनासा होतो. आदल्याच वर्षीच्या ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’मध्येही असाच एक चेहरा होता. दोन्ही गेम इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचे. आजच्या हिशेबानं ते चित्र म्हणजे मूठभर ठिपके, पण मला ते फार मोलाचं वाटतं. गोळीबाराच्या गेमची जी मूळ अडचण आहे ती त्या मंडळींना किती लवकर कळली होती, हे त्या ठिपक्यांवरून दिसतं.

अडचण अशी. कॅमेरा नायकाच्या डोळ्यांत बसवलेला असतो. त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, आणि म्हणूनच तो स्वतः आपल्याला कधी दिसत नाही. दिसतात ते दोन हात आणि एक बंदूक. कादंबरीकार सरळ लिहू शकतो की याच्या पोटात गोळा आला. सिनेमाकडे नटाचा चेहरा असतो. इथे यातलं काहीच हाताशी नाही. मग हा माणूस घाबरलाय, चिडलाय, खचलाय, की त्याला आता कशाचंच काही वाटेनासं झालंय, हे कळायचं कशावरून?

बहुतेक गेम यातून सोपी वाट काढतात. खेळ थांबवतात आणि मधेच सिनेमा दाखवतात. कटसीनमध्ये नायक मित्राच्या प्रेताशेजारी गुडघे टेकतो, पाऊस कोसळतो, व्हायोलिन वाजतं. कटसीन संपलं की तोच नायक, तितक्याच स्थिर हातानं आणि तितक्याच चपळाईनं, पुढची चाळीस माणसं आडवी करतो. रडणारा एक आणि गोळ्या झाडणारा भलताच. क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरनं २००७ साली ‘बायोशॉक’ या गेमवर लिहिताना याच फटीवर बोट ठेवलं होतं: गोष्ट एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो. तेव्हापासून या तक्रारीवर ढिगानं लिहिलं गेलंय. मला मात्र तिची दुसरी बाजू जास्त खुणावते. काही मोजक्या गेममध्ये ही फट बुजलेली आहे. ती कशानं बुजली? माझ्या मते तिथे बंदूक नायकाचं सगळंच ऐकत नाही. त्याच्या मनात काही हललं की ते आधी चापावर, नेमावर, रीलोडवर म्हणजे गोळ्या पुन्हा भरण्यावर उतरतं आणि तिथून आपल्या बोटांत येतं.

खानदेशातल्या माझ्या पिढीला हे पहिल्यांदा कळलं ते ‘आयजीआय’मुळे. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजनं २००० साली काढलेला हा गेम धुळ्या-जळगावच्या सायबर कॅफेंत कितीतरी वर्षं चालला. मुलं इंटरनेटसाठी कमी आणि त्याच्यासाठी जास्त यायची. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत प्लायवूडचे कप्पे केलेली एक खोली होती. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि प्रत्येक कप्प्यात खुर्चीवर एक आणि त्याच्या डोक्यामागे दोघं-तिघं उभे. खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांचीच तोंडं जास्त चालायची. “भो, मांगे देख!” “तठे टावरवर एक शे!”

‘आयजीआय’चा नायक डेव्हिड जोन्स एकटाच लष्करी तळांत शिरतो. कॅमेऱ्यात दिसला की भोंगा वाजतो, भोंगा वाजला की शिपायांची नवी तुकडी धावून येते. आणि मिशनच्या मधे कुठेही सेव्ह करायची सोय नाही. अर्धा तास दबकत दबकत शेवटच्या इमारतीपर्यंत पोचावं, पाठीमागून एका शिपायाची गोळी लागावी, की पुन्हा पहिल्या पायरीपासून. त्यात आमच्याकडचं लोडशेडिंग. वीज गेली की जोन्सही गेला.

जोन्सला भीती वाटते असं गेम कुठेही म्हणत नाही. त्याचे हात थरथरत नाहीत, त्याच्या छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. पण मिशनच्या सुरुवातीला बिनधास्त धावत सुटलेला पोरगा शेवटाकडे भिंतीला चिकटून चालायला लागायचा, एकेक कोपरा तीनतीनदा बघायचा. माउसवरचा हात घामेजलेला असायचा. मागच्यांची तोंडं आपोआप बंद व्हायची. शत्रूच्या तळात अडकलेल्या एकट्या माणसाची सावधगिरी त्या कप्प्यात खरोखर उतरलेली असायची, आणि ती उतरवली होती एका न दिलेल्या सोयीनं. इनरलूपनं ते ठरवून केलं असो वा नसो, परिणाम तोच. पुढे असे किती गेम आले की ज्यांत दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह होतं, नायक मात्र “आपण इथून जिवंत सुटणार नाही” असं बजावत राहतो. माझ्या बोटांना तो कधीच खरा वाटला नाही.

साक्री तालुक्यात माझ्या मामाचं गाव. तिथे उन्हाळ्यात रात्री भोवाडा व्हायचा. संबळ वाजायचा आणि देवादानवांची सोंगं मुखवटे घालून चौकात नाचत यायची. मुखवटा जड, रंगवलेला, आणि त्यावरचा भाव रात्रभर एकच. तरी सोंग चवताळलंय की माघार घेतंय हे अगदी मागे ओट्यावर बसलेल्या म्हातारीलाही कळायचं. राग टाचेत असायचा, माघार गुडघ्यात असायची, संबळाची चाल बदलली की मनगट बदलायचं. चेहरा अडकवून ठेवल्यावर माणूस उरलेल्या अंगानं बोलायला शिकतो. फर्स्ट पर्सन, म्हणजे नायकाच्या डोळ्यांतून खेळायच्या, गेममधल्या त्या दोन हातांवर हीच जबाबदारी येते, आणि फार थोडे हात ती पेलतात.

२०१६ च्या नव्या ‘डूम’मधले हात पेलतात. त्याचा नायक अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. सुरुवातीलाच एका मॉनिटरवरून कुणीतरी त्याला समजुतीच्या गोष्टी सांगायला लागतं, आणि तो मॉनिटर धरून बाजूला ढकलून देतो. काही सेकंदांचं काम, पण हा माणूस कुणाचं स्पष्टीकरण ऐकून घेणार नाही हे पक्कं होतं. खरं कौतुक मात्र पुढच्या नियमाचं आहे. एरवीच्या गेममध्ये जीव कमी झाला की आपण आडोशाला जाऊन बसतो, जखमा आपोआप भरतात. इथे तसं होत नाही. घायाळ झालात तर राक्षसाच्या अंगावर धावून जायचं, त्याला हातानं फाडायचं, तेव्हा जीव परत मिळतो. माघार घेण्याला काही फळच ठेवलेलं नाही. नायक संतापलेला आहे हे सांगायची मग गरज उरत नाही, कारण शांत राहून तो गेम खेळताच येत नाही.

हॉकिंग नुसती तक्रार करून थांबला नव्हता. २००८ साली यूबिसॉफ्ट माँट्रियालचा ‘फार क्राय २’ आला, त्याचा क्रिएटिव्ह डायरेक्टर तोच होता. यादवी युद्धात होरपळणारा एक बेनाव आफ्रिकी देश, आणि तिथे पाऊल ठेवताच मलेरियानं आडवा झालेला नायक. हा मलेरिया गेमभर पिच्छा सोडत नाही. ऐन चकमकीत नजर धूसर होते, बटण दाबून औषधाची गोळी गिळावी लागते. गोळ्या संपल्या की लढाई बाजूला ठेवून अडकलेल्या नागरिकांना प्रवासाची कागदपत्रं पोचवायची, तेव्हा कुठे औषध मिळतं. मेलेल्या शत्रूची उचललेली बंदूक गंजकी निघते आणि नको तेव्हा अडकते. नायकाचे हात ती ठोकतात, खेचतात, आणि समोरून गोळ्या येतच असतात. फार लागलं असेल तर तो पकडीनं स्वतःच्या अंगातली गोळी उपसून काढतो. हे सगळं खेळ न थांबता, आपल्या डोळ्यांसमोर.

हिवताप आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझे वडील तरुणपणी धडगावला शिक्षक होते. सातपुड्यातल्या त्या नोकरीनं दिलेला ताप पुढे किती वर्षं अधूनमधून डोकं काढायचा. भर उन्हाळ्यात अंगावर गोधड्यांचा ढीग, आणि त्याखाली दात वाजण्याचा आवाज. त्यांना जास्त त्रास तापाचा नव्हता. तो कधी येईल हे ठरवणं आपल्या हातात नाही, याचा होता. हातात घेतलेलं कुठलंही काम पूर्ण होईल याची खात्री वाटायची नाही, असं ते म्हणायचे. ‘फार क्राय २’नं नेमकी ही खात्री काढून घेतली आहे. भाडोत्री सैनिक म्हणून आलेला, स्वतःला तिथल्या लोकांपेक्षा वरचढ समजणारा एक माणूस, आणि त्याचं शरीर व हत्यार दोन्ही भरवशाची नाहीत. अनेकांना हा गेम कटकटीचा वाटला. माझ्या लेखी ती कटकट हीच त्या नायकाची गोष्ट आहे.

त्यातलाच एक प्रसंग. सोबत लढणारा मित्र गोळी लागून पडतो. आपण त्याला मांडीवर घेतो. जी इंजेक्शनं आजवर स्वतःला वाचवायला वापरली तीच त्याला द्यायची. कधी एकानं भागतं. कधी तो आणखी एक मागतो, आणखी एक, आणि आपल्याला कळून चुकतं की आता आपण त्याला बरं करत नाही आहोत. किंवा पिस्तूल आहेच. संगीत नाही, भाषण नाही. बोट मात्र बटणावर रेंगाळतं. त्या रेंगाळण्यात जे आहे ते कुठल्याही संवादलेखकाला लिहिता आलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

खानदेशात बंदुकीची गोळी ही फक्त पडद्यावरची गोष्ट नाही. भुसावळजवळ वरणगावला १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. सैन्याच्या रायफलींची काडतुसं तिथे बनतात. २०२१ साली देशभरच्या आयुध निर्माणींचं सात कंपन्यांत विभाजन झालं आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, पण आसपासच्या गावांत तिला आजही नुसतं ‘फॅक्टरी’ म्हणतात. माझ्या मावशीचे यजमान तिथूनच निवृत्त झाले. एका दिवाळीत मी त्यांच्याकडे लॅपटॉपवर खेळत बसलो होतो. काका मागे खुर्ची ओढून बघत बसले. पडद्यावरच्या रक्ताकडे, पडणाऱ्या माणसांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “याच्या मॅगझिनमध्ये अजून गोळ्या होत्या. याने मॅगझिन टाकून दिलं. त्या गोळ्या गेल्या कुठे?”

मी सांगितलं की गेममध्ये उरलेल्या गोळ्या आपोआप एकूण साठ्यात जमा होतात. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे याला प्रत्येक गोळी परत मिळते. मग हा कशाला विचार करेल, बाबा?”

ज्यांचं आयुष्य काडतुसं मोजण्यात गेलं त्यांच्या नजरेला जे दिसलं ते गेमच्या समीक्षकांना क्वचितच दिसतं. शूटर गेममध्ये रीलोडचं आर हे बटण आपण श्वास घेण्याइतक्या सहज दाबतो. दोन गोळ्या झाडल्या, दाबला आर. त्या सवयीत नायकाच्या मनाला जागाच नाही. २००२ साली आलेल्या ‘माफिया’ या चेक गेममध्ये अर्धं भरलेलं मॅगझिन बदललं की उरलेल्या गोळ्या गेल्याच. टॅक्सीवाला टॉमी गुन्हेगारी टोळीत ओढला जातो, त्याच्या त्या पहिल्या दिवसांतली चाचपड या एका नियमानं हातात येते. वुल्फायर कंपनीचा २०१२ चा ‘रिसीव्हर’ त्याच्याही पुढे जातो. तिथे रीलोड नावाचं बटणच नाही. मॅगझिन काढायला एक कळ, त्यात एकेक गोळी भरायला दुसरी, मॅगझिन परत बसवायला तिसरी, स्लाइड ओढायला चौथी. घरी निवांत बसून या क्रिया पाठ होतात. यंत्र अंगावर झेपावत असताना मात्र बोटं चुकतात, भरलेलं मॅगझिन आपणच परत बाहेर काढतो, गोळी नसलेल्या नळीवर चाप ओढतो. तो नायक कोण, कुठला, हे जवळजवळ कळत नाही. त्याची गाळण उडालेली मात्र पुरती कळते.

दुःखाचं काम भीतीपेक्षा अवघड आहे. भीती हाताला लगेच कळते, दुःख हाताला शिकवावं लागतं. फिनलंडच्या रेमेडी कंपनीनं २००१ मध्ये ‘मॅक्स पेन’ आणला, तो गाजला ‘बुलेट टाइम’मुळे. वेळ संथ होतो, गोळ्या हवेतून जाताना दिसतात, आपण उडी मारत नेम धरतो. दिसायला झकास, आणि त्या वेळी सगळे त्याबद्दलच बोलायचे. माझ्या मनात राहिला तो त्यातला दुःस्वप्नाचा भाग. मॅक्सची बायको आणि तान्ही मुलगी मारली गेलीय. स्वप्नात त्याच्या हातात बंदूक चालत नाही, शत्रू नाहीत. चहूकडे काळोख, त्यात रक्ताची अरुंद वाट, आणि कुठून तरी येणारं बाळाचं रडणं. त्या वाटेवरून तोल सांभाळत चालायचं. पाय घसरला की खाली. अनेक खेळाडू त्या भागाला शिव्या घालायचे, कारण तो वैताग आणतो, वाट सापडत नाही, आवाज डोक्यात जातो. पण एका बापाचं स्वप्न याहून वेगळं कसं असेल? आजवर दिलेलं सगळं कौशल्य तिथे निरुपयोगी ठरवलंय. नेम चांगला असून उपयोग नाही, वेळ संथ करून उपयोग नाही.

२०१२ चा ‘मॅक्स पेन ३’ रॉकस्टार कंपनीचा. मॅक्स आता वयस्क, दारूत बुडालेला, साओ पावलोत श्रीमंतांचा अंगरक्षक. त्यात एक गोष्ट फार बारकाईनं केलीय. पिस्तूल चालवताना त्याची मोठी बंदूक हवेत गायब होत नाही, ती दुसऱ्या हातात लोंबत असते. प्रत्येक हालचालीला वजन येतं. जीव वाचवायला पूर्वीसारख्याच वेदनाशामक गोळ्या आहेत, फक्त आता त्याच गोळ्यांनी त्याला पोखरलंय हे आपल्याला ठाऊक असतं. आणि टोळीतला शेवटचा माणूस मारताना कॅमेरा गोळीच्या मागोमाग जातो. तेव्हा बटण दाबून धरलं तर वेळ आणखी संथ होतो आणि चाप चालूच राहतो. तो माणूस मेलेला आहे. आणखी गोळ्यांची गरज नाही. तरी बोट उचलायचं की नाही हे गेम आपल्यावर सोडतो. मॅक्सच्या मनात काय साचलंय ते मला त्याच्या लांबलचक स्वगतांपेक्षा तिथे जास्त कळलं.

त्याच साली बर्लिनच्या यागर कंपनीचा ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ आला. वाळूच्या वादळांनी गाडलेलं दुबई, आणि तिथे शोधासाठी आलेला कॅप्टन वॉकर. या गेमबद्दल बोलताना सगळे पांढऱ्या फॉस्फरसचा प्रसंग काढतात. वॉकर पडद्यावरचे ठिपके बघत मारा करतो, त्या काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसत असतो, आणि नंतर कळतं की जळालेल्यांत निरपराध माणसं होती. प्रसंग परिणामकारक आहे हे मान्य, पण मला तो पूर्ण पटत नाही. दुसरी वाटच न ठेवता करायला लावायचं आणि मग “हे तू केलंस” म्हणायचं, यात खेळाडूवर थोडा अन्याय आहे.

त्याची खरी ताकद मला वॉकरच्या तोंडच्या किरकोळ वाक्यांत दिसते. सुरुवातीला शत्रू टिपला की तो शिस्तीत, सैनिकी भाषेत कळवतो. साथीदारांना हुकूम मोजक्या शब्दांत देतो. तास सरत जातात तसा तोच हुकूम ओरडून यायला लागतो, शिव्या येतात, माणूस पडला की त्याच्या आवाजात समाधान येतं. जखमी शत्रूला संपवायची त्याची पद्धतही क्रूर होत जाते. बटणं आपण तीच दाबत असतो. पहिल्या तासाला जे बटण दाबल्यावर कर्तव्य दिसलं, त्याच बटणावर आता दुसराच माणूस हजर होतो. हा बदल कुठल्याही एका क्षणी घडत नाही, म्हणून तो अडवताही येत नाही. पुढे जमाव त्याच्या सहकाऱ्याला फासावर चढवतो आणि वॉकरच्या भोवती गोळा होतो, दगड मारायला लागतो. पडद्यावर काहीच सूचना येत नाही. नेमाची खूण तेवढी आहे. हवेत गोळी झाडली तरी जमाव पांगतो, पण तोवरच्या सवयीनं नेम आधी छातीकडे जातो. फॉस्फरसच्या प्रसंगात जे लादलं होतं ते इथे आपलं आपल्याला सापडतं.

दोन जुन्या शेवटांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही इतके जुने आहेत की सांगून टाकायला हरकत नसावी. २००४ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ३’मध्ये नायकाला स्वतःच्या गुरूला मारावं लागतं, तिला तो आईसारखी मानतो. लढाई संपते, पांढऱ्या फुलांच्या माळावर ती पडलेली, तो तिच्यावर बंदूक रोखून उभा. आपण कटसीन चाललंय असं समजून बघत राहतो. काहीच होत नाही. मग लक्षात येतं की गेम आपली वाट बघतोय. चाप आपणच ओढायचाय. त्याच गेममध्ये आधी एक नदी येते. तिच्यातून उलट चालत जाताना, वाटेत आपण ज्यांना ज्यांना मारलं त्यांची भुतं समोरून येतात. ज्यानं कुणाला न मारता, लपत छपत वाट काढली त्याची नदी जवळजवळ रिकामी असते. नायकाच्या मनावरचं ओझं प्रत्येक खेळाडूसाठी वेगळं, आणि ते त्याच्याच हिशेबानं मोजलेलं.

दुसरा ‘रेड डेड रिडेम्प्शन’, २०१०. जॉन मार्स्टनकडे ‘डेड आय’ ही ताकद असते: वेळ संथ होतो, समोरच्या माणसांवर खुणा करायच्या, मग एका दमात सगळे टिपायचे. अख्खा गेम आपण हे वापरत आलेलो असतो, त्याच्या भरवशावर कितीही लोकांसमोर उभे राहिलेलो असतो. शेवटी मार्स्टन बायको-मुलाला वाटेला लावतो आणि कोठाराचं दार उघडून बाहेर येतो. समोर बंदुका रोखलेले सैनिक अर्धवर्तुळात उभे. डेड आय आपोआप सुरू होतं. आपण सरावानं खुणा करायला लागतो, आणि खुणा करता करता दिसतं की माणसं फार आहेत. नेहमी जिंकून देणारी गोष्ट चालू आहे आणि तरी पुरणार नाही. मार्स्टनला दार उघडण्याआधीच जे माहीत होतं ते त्या दोन-चार सेकंदांत आपल्यापर्यंत पोचतं.

मोबाइलवरच्या ‘बीजीएमआय’ आणि ‘फ्री फायर’ या गेमबद्दल इथे फार लिहीत नाही. आमच्याकडे गावागावांत, पारावर, बसस्टँडवर पोरं तेच खेळतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. तिथे नायकच नाही. जो काही राग-लोभ आहे तो खेळणाऱ्या चार मित्रांचा आपसांतला आहे, आणि तो अगदी खरा आहे.

‘बॅटलफील्ड १’ची सुरुवात मात्र सांगायला हवी. २०१६ चा, पहिल्या महायुद्धावरचा गेम. सुरुवातीलाच सांगितलं जातं की तुम्ही जगाल अशी अपेक्षा नाही. आपण लढतो, मरतो, आणि पडद्यावर एक नाव येतं, खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल. मग कॅमेरा दुसऱ्या सैनिकात जातो. तोही मरतो. पुन्हा नाव, पुन्हा दोन सालं. इतर गेममध्ये मेलो की फक्त “पुन्हा प्रयत्न करा”. इथे आपण हरलेल्या प्रत्येक वेळेला एक माणूस कायमचा संपतो.

हे खेळताना मला नंदुरबार आठवलं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार साथीदार त्यात गेले. लहानपणी त्यांचं स्मारक बघायला गेल्यावर मी आकड्यांची वजाबाकी केली होती आणि उत्तर माझ्या मोठ्या भावाच्या वयाएवढं आलं होतं. शूटर गेम आपल्याला कायम बंदुकीच्या दस्त्याकडच्या बाजूला उभं करतात. नळीच्या तोंडासमोर, हातात झेंड्याशिवाय काही नसताना उभं राहणाऱ्याच्या मनात काय चालतं, ते कुठला गेम आपल्या बोटांत आणू शकेल? मला वाटतं आणू शकेल. पळायचं बटण चालू ठेवावं लागेल, आणि ते न दाबणं हाच खेळ करावा लागेल.

माझा भाचा शिरपूरला इंजिनिअरिंग शिकतो. वर्षभरापासून तो गोडॉट हे फुकट मिळणारं इंजिन वापरून एक छोटा गेम बनवतोय. यावल अभयारण्यातला एक वनरक्षक, रात्रीची गस्त, सागवानतोडे, आणि एक जुनी एकनळी बंदूक. पहिल्या आवृत्तीत त्याचा वनरक्षक दर पाच मिनिटांनी घाबरल्याचं बोलून दाखवायचा. “मामा, संवाद कसे वाटले?” असं त्यानं विचारलं, तेव्हा मी त्याला २००४ चा ‘डूम ३’ खेळायला लावला. त्यात टॉर्च हातात असेल तर बंदूक नाही, बंदूक घेतली तर टॉर्च नाही. बघायचं की मारायचं, एक काहीतरी निवडा. लोकांनी इतकी ओरड केली की टॉर्च चिकटपट्टीनं बंदुकीला बांधणारा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेला बदल, लगोलग निघाला, आणि २०१२ च्या नव्या आवृत्तीत कंपनीनंच दोन्ही एकत्र वापरायची सोय करून टाकली. खेळ सोपा झाला. अंधारातली ती घालमेल मात्र बरीचशी गेली. मी त्याला मुद्दाम जुनीच आवृत्ती दिली.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. त्यानं सगळे संवाद काढून टाकले होते. एकनळी बंदूक भरायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्याचा वनरक्षक काडतूस भरताना टॉर्च दातांत धरतो. आता उजेड त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होतो. पळत आला असेल तर समोरची झाडं हेलकावतात आणि त्यांच्यामध्ये कुणी उभं आहे की नाही ते नीट दिसत नाही. ही कल्पना पूर्णपणे त्याची आहे, आणि मी बघितलेल्या कितीतरी मोठ्या गेममध्ये इतकी चांगली गोष्ट नाही. सध्या उजेड जरा जास्तच हलतो, होस्टेलवरच्या दोघांना मळमळलं, म्हणून वनरक्षक त्याआधी किती धावला यावर तो हलण्याचं प्रमाण बेततोय. बिबट्या दाखवायचा की नुसता ऐकवायचा, यावर आमचं अजून जमलेलं नाही. तो दाखवायच्या बाजूचा आहे.